इंजिन मागे कसे गेले?

१३ मे १९५० हा दिवस मोटार शर्यतींच्या इतिहासात ठळक अक्षरांत नोंदलेला असतो. चालकांसाठी जगज्जेतेपदाची स्पर्धा त्या वर्षी प्रथमच सुरू झाली आणि तिच्या पहिल्या मोसमातील पहिली शर्यत त्या दिवशी इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोन येथे झाली. राजे सहावे जॉर्ज आणि राणी एलिझाबेथ जातीने उपस्थित होते. इटलीच्या ज्युझेप्पे फारिना यांनी आल्फा रोमिओच्या १५८ या गाडीतून ही शर्यत जिंकली. दुसरा व तिसरा क्रमांकही आल्फानेच पटकावला. दीड लिटरचे, आठ सिलिंडरचे, दाबाने हवा भरणारे ते इंजिन सुमारे ३५० अश्वशक्ती निर्माण करीत असे. इंधन इतके पीत असे, की लिटरमागे एक किलोमीटर अंतरही पडत नसे.

त्याच दिवशी त्याच रस्त्यावर आणखी एक शर्यत झाली. तिची आठवण फारशी कोणी काढत नाही. ती होती फॉर्म्युला थ्री या नव्या, सर्वांत कनिष्ठ वर्गाची. या एकआसनी गाड्यांमध्ये मोटारसायकलचे फक्त ५०० घन सेंटिमीटरचे इंजिन असे. शेवटच्या वळणापर्यंत वीस वर्षांचे स्टर्लिंग मॉस आघाडीवर होते. तेथे त्यांच्या इंजिनाचा दट्ट्या फुटला. वायुदलातले विंग कमांडर फ्रँक एकेन्स त्यांना मागे टाकून जिंकले आणि मॉस यांची गाडी आहे त्या वेगावर घरंगळत दुसरी आली. एकेन्स यांच्या गाडीचे नाव होते आयोटा. ग्रीक लिपीतल्या या अक्षराचा इंग्रजीतला व्यवहारातला अर्थ 'कणभर'. नाव गाडीला शोभणारेच होते.

या दोन शर्यतींच्या गाड्या शेजारी ठेवून पाहिल्या तर एक फरक चटकन नजरेत भरतो. मोठ्या शर्यतीतल्या एकूण एक गाड्यांचे इंजिन चालकाच्या पुढे होते. छोट्या शर्यतीतल्या बहुतेक गाड्यांचे इंजिन चालकाच्या पाठीमागे होते. अकरा वर्षांनी, १९६१ साली, जगज्जेतेपदाच्या स्पर्धेत उतरणाऱ्या जवळजवळ सगळ्याच गाड्यांचे इंजिन पाठीमागे गेलेले होते आणि आजही ते तेथेच आहे. म्हणजे या बाबतीत वडीलधाऱ्यांनी धाकट्यांचे अनुकरण केले. हे कसे घडले, हा आमच्या लेखाचा विषय आहे. मोटार शर्यतींत ज्यांना रस नाही अशा शिक्षकांनीही तो वाचावा असे आम्हाला वाटते. कारण हा प्रश्न केवळ गाड्यांचा नाही. एखादी तांत्रिक सुधारणा आधी तत्त्व कळल्याने होते की आधी घडते आणि तत्त्व मागाहून सांगितले जाते, हा प्रश्न येथे फार स्वच्छपणे पाहायला मिळतो.

विमानतळ आणि भंगार

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा इंग्लंडमध्ये शर्यतीसाठी रस्ताच उरला नव्हता. ब्रुकलँड्सच्या प्रसिद्ध मार्गाचा ताबा विमान कारखान्याने घेतला होता. डॉनिंग्टनला लष्करी वाहनांचे आगार झाले होते. मात्र एका गोष्टीची लयलूट होती. युद्धकाळात वापरलेले शेकडो विमानतळ ओस पडले होते. त्यांच्या भोवतीने फिरणारा डांबरी किंवा काँक्रीटचा रस्ता शर्यतीला सोयीचा होता. सिल्व्हरस्टोन हा असाच एक विमानतळ, गुडवुड हा दुसरा. वळणांच्या कडेला गवताचे भारे आणि तेलाची रिकामी पिंपे मांडली, की मार्ग तयार. (आपल्याकडे मद्रासच्या उत्तरेला शोलावरम येथे अनेक वर्षे शर्यती होत असत. ती धावपट्टीसुद्धा महायुद्धाच्या काळातलीच.)

रस्ता मिळाला, पण पैसा नव्हता. पेट्रोलवर नियंत्रण होते. १९४७ च्या अखेरीस तर खासगी वाहनांचा नेहमीचा कोटाच बंद झाला. तो १९४८ च्या जूनमध्ये पुन्हा सुरू झाला आणि पेट्रोलचे रेशनिंग पूर्णपणे उठले ते २६ मे १९५० रोजी, म्हणजे वर सांगितलेल्या शर्यतीनंतर तेरा दिवसांनी. अशा दिवसांत शर्यतीचा छंद परवडणार कसा? याचे उत्तर ब्रिस्टल शहराच्या परिसरातल्या काही हौशी मंडळींनी शोधले. त्यांत डिक सीझर हे नाव महत्त्वाचे. ते विमान कारखान्यातले माणूस होते. त्यांनी सुचवलेला नियम साधा होता: इंजिन ५०० घन सेंटिमीटरच्या आतले असावे आणि त्यात दाबाने हवा भरण्याचे यंत्र नसावे. असे इंजिन मोटारसायकलीचेच असणार. बाकी गाडी कशी बांधायची हे ज्याचे त्याने ठरवावे. वजनाला किमान मर्यादा घातलेली होती, पण इंजिन पुढे हवे की मागे याबद्दल नियमात एक शब्दही नव्हता. पुढच्या सगळ्या कथेचे बीज या मौनात आहे.

१९४६ च्या उन्हाळ्यात लंडनजवळच्या सर्बिटन येथे चार्ल्स कूपर यांच्या गॅरेजमध्ये त्यांचा तेवीस वर्षांचा मुलगा जॉन आणि त्याचा मित्र एरिक ब्रँडन यांनी अशी एक गाडी बांधायला घेतली. फियाट टोपोलिनो ही त्या काळातली इटलीची चिमुकली गाडी. तिच्या पुढच्या चाकांना एकमेकांपासून स्वतंत्रपणे वरखाली होऊ देणारी छान रचना होती. या मंडळींनी टोपोलिनोचे दोन पुढचे भाग मिळवले आणि ते पाठीला पाठ लावून जोडले. त्यामुळे आयतीच चारही चाके स्वतंत्र झाली. आपल्याकडच्या जुन्या बाजारातून सुटे भाग आणून काहीतरी जमवणाऱ्या कोणाही मेकॅनिकला ही युक्ती ओळखीची वाटेल. इंजिन घेतले ते जे. ए. प्रेस्टविच कंपनीचे, धुळीच्या मैदानावरच्या मोटारसायकल शर्यतींत वापरले जाणारे, एका सिलिंडरचे. गाडी काही आठवड्यांत उभी राहिली.

आता इंजिन कुठे ठेवायचे? मोटारसायकलीत इंजिनाची शक्ती साखळीने गिअरबॉक्सकडे आणि तेथून दुसऱ्या साखळीने मागच्या चाकाकडे जाते. इंजिनाचा दंड आडवा, म्हणजे चाकाच्या आसाला समांतर असतो, म्हणूनच साखळी चालते. हे इंजिन गाडीच्या पुढच्या भागात ठेवले तर साखळी चालकाच्या बाजूने किंवा खालून लांबवर न्यावी लागली असती. नाहीतर दातेरी चाकांनी दिशा काटकोनात वळवून, लांब शाफ्ट घालून, मागे पुन्हा काटकोनात वळवावी लागली असती. त्यासाठी पैसा हवा, वजन वाढते आणि शक्ती वाया जाते. इंजिन मागच्या आसाजवळ ठेवले की एक आखूड साखळी पुरते. कूपर पितापुत्रांनी तेच केले. यात कोणताही सिद्धांत नव्हता, निव्वळ सोय होती, हे जॉन कूपर यांनी पुढे कधी लपवून ठेवले नाही. त्याच वर्षी कॉलिन स्ट्रँग यांनी वेगळ्या इंजिनाची गाडी बांधली. तिचेही इंजिन मागेच होते. साखळीने सगळ्यांना एकाच ठिकाणी आणून सोडले होते. अपवादही होते. पॉल एमेरी यांनी इंजिन पुढे ठेवून पुढचीच चाके फिरवली. साखळीला तेही चालते.

मिथेनॉलचा गारवा

गाडीच्या रचनेकडे वळण्यापूर्वी या इंजिनाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण वर्गात सांगण्यासारखे त्यात पुष्कळ आहे. ५०० घन सेंटिमीटरच्या, हवेने थंड होणाऱ्या एका सिलिंडरमधून ही मंडळी चाळीसच्या वर अश्वशक्ती काढीत. हे साधले मिथेनॉलमुळे. पेट्रोलचे बाष्प होताना किलोग्रॅममागे सुमारे ३५० किलोज्यूल उष्णता शोषली जाते, मिथेनॉलच्या बाबतीत सुमारे ११००. शिवाय १ किलोग्रॅम पेट्रोल जाळायला जवळजवळ १४.७ किलोग्रॅम हवा लागते, मिथेनॉलला मात्र साडेसहा किलोग्रॅम पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेत मिथेनॉल दुपटीहून अधिक मिसळले जाते. दोन्ही गोष्टी एकत्र केल्या तर हवेच्या प्रत्येक किलोग्रॅममागे मिथेनॉल सुमारे १७० किलोज्यूल शोषते आणि पेट्रोल सुमारे २४. अप्रकट उष्म्याचा हा गारवा सिलिंडरच्या आतूनच मिळतो. त्यामुळे मिश्रण अवेळी न पेटता खूप जास्त दाबता येते आणि जास्त दाबले की जास्त काम मिळते. तरीही दट्ट्या फुटायचे ते फुटतच, हे मॉस यांच्या अनुभवावरून दिसतेच.

चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्ती आणि ३५० अश्वशक्ती यांत जवळजवळ आठ पटींचा फरक. मग वेगातला फरकही आठ पटींचा असेल का? विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारून पाहावा. भरधाव वेगात बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यात खर्च होते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि शक्ती म्हणजे बल गुणिले वेग, म्हणून लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आठाचे घनमूळ दोन. म्हणजे दोन्ही गाड्यांना हवेचा अडथळा सारखाच असता तर आल्फा दुप्पट वेगाने गेली असती. प्रत्यक्षात आल्फाचा कमाल वेग ताशी २९० किलोमीटरच्या आसपास होता आणि ५००च्या गाड्या ताशी १६० किलोमीटर सहज ओलांडीत. हे गुणोत्तर दोनपेक्षा स्पष्टपणे कमी आहे. उरलेला फरक छोट्या गाडीने हवेला कमी तोंड दिले म्हणून पडला. त्या कमी तोंडाचे एक कारण इंजिनाच्या जागेत आहे. चालकाच्या खालून शाफ्ट जात नसल्याने त्याला जवळजवळ जमिनीलगत बसवता येत असे.

आधीचा प्रयोग आणि त्याचा चुकीचा अर्थ

'इंजिन मागे' ही कल्पना कूपरची नव्हे. १९२३ साली मोंझा येथील इटालियन ग्रां प्रीत बेंझ कंपनीने थेंबाच्या आकाराच्या, पाठीमागे इंजिन असलेल्या गाड्या उतरवल्या होत्या. १९३४ पासून तर फर्डिनांड पोर्शे यांनी आखलेल्या ऑटो युनियनच्या सोळा सिलिंडरच्या अजस्र गाड्या युरोपभर शर्यती जिंकत होत्या. ब्रिस्टलमध्येच १९३६ साली डेव्हिड फ्राय आणि आपले डिक सीझर यांनी घाटातल्या चढावाच्या शर्यतींसाठी 'फ्रायकायझरवागेन' नावाची गाडी बांधली होती. फ्राय आणि सीझर (जर्मनमध्ये कायझर) ही दोन आडनावे जोडून केलेले हे नाव म्हणजे जर्मन गाड्यांची थट्टाच होती. तिचेही इंजिन चालकाच्या मागेच होते. तेव्हा ब्रिस्टलकरांना या मांडणीची भीती नव्हती.

इतरांना मात्र होती. ऑटो युनियनची गाडी चालवायला विलक्षण अवघड, हे सर्वश्रुत होते. वळणावर तिची शेपटी अचानक बाहेर फेकली जाई आणि ती आवरणे बेर्न्ड रोझेमायर यांच्यासारख्या एखाद्यालाच जमत असे. यावरून जाणकारांनी निष्कर्ष काढला, की इंजिन मागे ठेवणे सदोष आहे. युद्धानंतरही मोठ्या कंपन्यांचे अभियंते हाच निष्कर्ष गृहीत धरून चालले होते.

आमच्या मते या कथेतली सर्वांत शिकण्यासारखी जागा ही आहे. ऑटो युनियन हा एक प्रयोग मानला, तर त्यात एकाच वेळी अनेक चले बदलली होती. इंजिन मागे होते. त्याचबरोबर मागच्या चाकांचे अर्धे आस मध्यभागी बिजागरीसारखे जोडलेले होते. असा आस वरखाली झाला की चाक कलते आणि वळणावर गाडीचा मागचा भाग वर उचलला गेला की टायरची पकड एकाएकी सुटते. इंजिन लांबलचक होते, त्याच्या पुढे पेट्रोलची टाकी आणि तिच्याही पुढे चालक. तो इतका पुढे बसे, की शेपटी घसरू लागल्याचे त्याला उशिरा जाणवे. वर पाचशेच्या पुढे अश्वशक्ती आणि त्या काळातले अरुंद टायर. शेपटी का घसरते याची ही सगळी संभाव्य कारणे होती. त्यांतले डोळ्यांना दिसणारे कारण तेवढे बदनाम झाले. पुढे १९३८ च्या बारा सिलिंडरच्या गाडीत मागच्या आसाची रचना बदलली आणि चालकाला मागे सरकवले. ती पुष्कळच सुधारली. त्याच वर्षी ताझिओ नुवोलारी यांनी मोंझा आणि डॉनिंग्टन येथे ती जिंकून दाखवली. म्हणजे इंजिनाची जागा तीच ठेवून बाकीची चले बदलण्याचा पडताळा घेतला गेला होता. पण वर्षभरात युद्ध सुरू झाले, गाड्या विखुरल्या, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो आधीचा निष्कर्ष.

५००च्या छोट्या गाड्यांनी हाच पडताळा नकळत, शेकडो वेळा घेतला. १९४७ च्या जुलैमध्ये ग्रॅन्सडेन लॉज या विमानतळावर पहिली खास शर्यत झाली. ती ब्रँडन यांनी जिंकली. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये गुडवुडच्या पहिल्याच दिवशी मॉस जिंकले. मागणी आली तसे कूपरनी गाड्या बांधून विकायला सुरुवात केली. १९५० साली आंतरराष्ट्रीय महासंघाने या वर्गाला फॉर्म्युला थ्री म्हणून मान्यता दिली. आता ऑटो युनियनच्या मूठभर गाड्यांऐवजी ठिकठिकाणच्या गॅरेजांत बांधलेल्या कितीतरी गाड्या दर आठवड्याला एकमेकींशी झुंजत होत्या. शक्ती कमी असल्याने शेपटी घसरली तरी ती आवरता येई. चूक झाली तर दुरुस्त करून पुढच्या शनिवारी पुन्हा उतरता येई. सगळ्यांना मात्र ही संधी मिळाली नाही. जे. बी. एस. या गाडीचे रचनाकार आल्फ बॉटम्स १९५१ साली लक्झेंबर्ग येथे अपघातात मरण पावले. फ्रायकायझरवागेन चालवणारे जो फ्राय १९५० साली त्याच गाडीत गेले होते. हा स्वस्त वर्ग होता, पण सुरक्षित नव्हता.

मीटरपट्टीचा प्रयोग

मागे इंजिन असलेली गाडी वळणावर इतकी चपळ का, हे मीटरपट्टीने दाखवता येते. शंभर ग्रॅमची दोन वजने पट्टीच्या दोन टोकांजवळ, मध्यापासून ४५ सेंटिमीटरवर, चिकटपट्टीने बांधा. पट्टी मध्यभागी धरून मनगटाने झपाझप डावी-उजवीकडे वळवा. मग तीच वजने मध्यापासून १० सेंटिमीटरवर बांधून पुन्हा वळवा. एकूण वजन तेच आहे, पण हाताला फरक लगेच कळतो. जडत्वाचे परिबल अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ४५ भागिले १० म्हणजे साडेचार, आणि त्याचा वर्ग वीस. पट्टीचे स्वतःचे परिबल सोडले तर वजनांचा वाटा वीस पटींनी कमी झाला. इंजिन नाकात आणि इंधनाची टाकी शेपटीत ही जुनी मांडणी पहिल्या पट्टीसारखी. चालक मध्ये, इंजिन त्याच्या पाठीला टेकून आणि मागच्या आसाच्या पुढे, ही कूपरची मांडणी दुसऱ्या पट्टीसारखी. हिला वळणावर वळवणे सोपे. पण एकदा घसरली की ती गरकन फिरतेही लवकर, हे विद्यार्थ्यांना सांगायला विसरू नये. मॉस आणि त्यांच्या बरोबरीची मुले याच गाड्यांत शिकल्याने त्यांचे हात तेवढे जलद झाले होते.

दुसरा फायदा जोर घेताना मिळतो. गाडी वेग घेते तेव्हा भार मागच्या चाकांवर सरकतो. इंजिनाचे वजनही मागेच असेल तर फिरणाऱ्या चाकांखाली घर्षण भरपूर मिळते. ब्रेक लावताना भार पुढे सरकतो, पण आधीच मागे अधिक असल्याने चारही चाकांना कामाची वाटणी बरी होते. टाकी शेपटीत असलेल्या गाडीचा तोल इंधन संपत जाईल तसा शर्यतभर बदलत राही, तेही टळले.

हे सगळे इतके पटण्यासारखे आहे, की कूपरनी ते आधी जाणूनच गाडी बांधली असावी असे वाटू लागते. पुढचीच घटना याला छेद देते. १९५२ साली कूपरनी वरच्या वर्गासाठी दोन लिटरच्या ब्रिस्टल इंजिनाची गाडी बांधली. त्यांनी इंजिन ठेवले कुठे? पुढे! हे मोटारीचे इंजिन होते, त्याला साखळी नव्हती, तेव्हा चारचौघांची शाफ्टची रीत त्यांना सोपी वाटली. ईस्टरला गुडवुड येथे मोसमाच्या सुरुवातीलाच माइक हॉथॉर्न यांनी ती गाडी जिंकून नाव कमावले. सहा वर्षे मागे इंजिन असलेल्या गाड्या बांधणाऱ्या कारखान्याने पहिली संधी मिळताच इंजिन पुढे नेले, याचा अर्थ त्यांच्यापाशी सिद्धांत नव्हता, एवढाच होतो.

ते परत मागे आले ते १९५५ साली, पुन्हा सोयीनेच. कॉव्हेंट्री क्लायमॅक्स कंपनीने अग्निशामक दलाच्या उचलून नेता येणाऱ्या पंपासाठी एक हलके इंजिन तयार केले होते. ते कूपरनी एका छोट्या गाडीच्या मागच्या भागात बसवले. गिअरबॉक्स घेतला सिट्रोएनचा. त्या गाडीची पुढची चाके फिरत. तिचे इंजिन व गिअरबॉक्स यांचा संच उलटा फिरवून ठेवला, की मागची चाके फिरवणारा संच तयार! ऑस्ट्रेलियाहून आलेल्या जॅक ब्रॅबम यांनी त्याच वर्षी अशा मांडणीची गाडी ब्रिटिश ग्रां प्रीत उतरवली. पाठीमागच्या इंजिनाची गाडी जगज्जेतेपदाच्या शर्यतीत त्याआधीही आली होती. सिल्व्हरस्टोननंतर आठच दिवसांनी, २१ मे १९५० रोजी, हॅरी शेल यांनी ११०० घन सेंटिमीटरचे इंजिन घातलेली कूपर मोनॅकोला उतरवली होती. पहिल्याच फेरीत झालेल्या सामुदायिक अपघातात ती बाद झाली आणि कोणी दखल घेतली नाही.

१९ जानेवारी १९५८ रोजी ब्युनोस आयर्स येथे मोसमाची पहिली शर्यत झाली तेव्हा मात्र दखल घ्यावीच लागली. त्या वर्षी नियम बदलून शर्यती आखूड झाल्या होत्या आणि अल्कोहोलऐवजी विमानाचे पेट्रोल वापरणे सक्तीचे झाले होते. दोन्ही बदल कमी इंधन पिणाऱ्या हलक्या गाडीच्या पथ्यावर पडणारे होते. मॉस यांच्याकडे रॉब वॉकर यांची, दोन लिटरहूनही थोड्या लहान इंजिनाची कूपर होती. तिची शक्ती पावणेदोनशेच्या आसपास, तर समोरच्या फेरारींची पावणेतीनशेच्या घरात. कूपरचे प्रत्येक चाक चार बोल्टांनी बसवलेले होते, म्हणजे टायर बदलायला थांबले तर शर्यत गेलीच. मेकॅनिक आल्फ फ्रान्सिस यांनी चाके बदलण्याची तयारी चालल्याचे सोंग केले. फेरारीवाले निश्चिंत राहिले. मॉस थांबलेच नाहीत. टायरचे रबर झिजून आतले कापड दिसू लागले होते. फेरारीच्या लुइजी मुसो यांच्यापुढे २.७ सेकंदांनी ते जिंकले. जड गाडीला तेच टायर एवढी साथ देते ना.

त्यानंतर फार वेळ लागला नाही. पुढची मोनॅकोची शर्यतही मोरिस त्रँतिन्याँ यांनी कूपरमधूनच जिंकली. १९५९ आणि १९६० साली ब्रॅबम कूपरमधून जगज्जेते झाले. लोटसने १९६० साली इंजिन मागे नेले. पुढच्या इंजिनाच्या गाडीचा जगज्जेतेपदाच्या शर्यतीतला शेवटचा विजय १९६० साली मोंझाला फेरारीच्या फिल हिल यांनी मिळवला. त्या शर्यतीवर ब्रिटिश संघांनी बहिष्कार टाकला होता. १९६१ पासून फेरारीसुद्धा मागे.

५००चा वर्ग मात्र तोवर मावळला होता. स्पर्धा वाढली तशी नॉर्टन कंपनीच्या महागड्या इंजिनाशिवाय जिंकणे अशक्य झाले. कंपनी नुसते इंजिन विकत नसे, म्हणून लोक अख्खी मोटारसायकल घेऊन इंजिन काढून घेत आणि सांगाडा विकून टाकत. त्या सांगाड्यांत दुसरी इंजिने बसवून तयार झालेल्या मोटारसायकलींचाच पुढे एक पंथ निघाला, पण तो विषय वेगळा.

फॉर्म्युला थ्री हे नाव टिकले, नियम अनेकदा पालटले. सिल्व्हरस्टोनच्या त्या दिवसानंतर एकोणसत्तर वर्षांनी, ११ व १२ मे २०१९ रोजी, नव्याने उभारलेल्या फॉर्म्युला थ्री स्पर्धेच्या मोसमाची सुरुवात बार्सिलोनाजवळ झाली. दुसऱ्या दिवसाची शर्यत मुंबईच्या जेहान दारूवाला यांनी जिंकली. दहा संघांच्या तीस गाड्या होत्या आणि तिसांच्या तीस इटलीच्या दलारा कंपनीने एकाच आराखड्याबरहुकूम बांधलेल्या, एकाच कारखान्याच्या ३.४ लिटर इंजिनाच्या. चालकाचा कस लावायचा तर गाड्या सारख्या हव्यात, हे म्हणणे रास्तच आहे, आणि खर्चाला लगाम बसतो हेही खरे. ब्रिस्टलच्या मंडळींनाही स्वस्ताईच हवी होती. पण त्यांनी ती फक्त इंजिनाचा आकार ठरवून मिळवली आणि बाकीचे मोकळे सोडले. बार्सिलोनाच्या तीस संचांपैकी एकानेही इंजिन दुसरीकडे ठेवून पाहायचे म्हटले असते तर नियमाने ते शक्य नव्हते. त्या गाड्यांना साखळी नव्हती. कूपरच्या मोठ्या गाड्यांना ती कधीच नव्हती. इंजिन मात्र चालकाच्या पाठीमागेच होते.